गॅसची एजन्सी बदलली तेव्हा

माझं लग्न ठरत होतं तेव्हा सासरच्यांनी दोन गोष्टी आवर्जून सांगितल्या होत्या. मुलगा बारावी झालेला आहे आणि घरात गॅस आहे. माझं माहेर जऊळक्याचं. वडील स्थळ पाहून घरी आले आणि आईला म्हणाले, "पोरीले चूल फुकायची पाळी येनार नाई." मुलाचं शिक्षण त्यांनी नंतर सांगितलं.

आसेगावच्या बाजूला आमचं हे छोटंसं गाव. इथे आले तेव्हा गॅस होता, हे खरं. शेगडीवर सासूबाईंनी भरतकाम केलेलं झाकण होतं आणि ते पाहुणे आले की निघायचं. चहा गॅसवर, भाकरी चुलीवर. एक सिलेंडर पाच-सहा महिने पुरायचं. ते कुठून येतं, कोण आणतं, हा विचार मी कधी केला नाही.

तो गॅस मामाजींनी मिळवला होता. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. शहरात एजन्सी निघाली तेव्हा मोठी यादी होती, लोक वर्ष-वर्ष थांबायचे. एजन्सीचा मालक मामाजींच्या बरोबर शाळेच्या बोर्डिंगात होता, एका खोलीत. "माया दोस्तानं नंबर नसतानी मले देला," ही गोष्ट मामाजी घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. मी ती इतक्यांदा ऐकली की पुढचं वाक्य कोणतं येणार ते मला पाठ होतं.

मग सासूबाई गेल्या. माझे यजमान पुण्याला कंपनीत लागले, पोळ्याला आणि दिवाळीला येतात. मुलगी शिकायला वाशिमला गेली. मी गावच्या अंगणवाडीत सेविका झाले. स्वयंपाकघरात फरशी टाकली तेव्हा चूल काढून परसात नेली, आणि तेव्हापासून सगळा स्वयंपाक गॅसवर आला. घरात मी आणि मामाजी, दोनच माणसं. तरी दीड-दोन महिन्यांनी सिलेंडर संपायचंच.

पूर्वी एजन्सीची गाडी गावात यायची. मग रस्ता खोदला म्हणून ती फाट्यावर थांबायला लागली. फाटा गावापासून दोन किलोमीटर. पुढे रस्ता झाला, चांगला डांबरी झाला, पण गाडी काही गावात परत आली नाही. फोन यायचा, "बाई, गाडी फाट्यावर हाय. पंधरा मिनिटं थांबतो." फोन येतो तेव्हा माझ्यासमोर वीस-बावीस लेकरं बसलेली असतात. कोणाचं वजन करायचं असतं, कोणाचा फोटो मोबाईलवर चढवायचा असतो, खिचडी उतरायची असते. मी म्हणायची, "भाऊ, अर्धा तास थांबा ना." तो म्हणायचा, "पुढच्या खेपेला पाहू." ती खेप आठवड्याने. त्या आठवड्यात मी परसातल्या चुलीवर स्वयंपाक करायची आणि धुराचा वास केसात घेऊन अंगणवाडीत जायची.

भांडून पाहिलं. तक्रारीचा नंबर लावला, तिकडून दोन दिवसांत कळवतो म्हणाले. कोणी कळवलं नाही. पुढेपुढे मी भांडणंही सोडून दिलं. दमलेल्या माणसाला भांडणसुद्धा एक कामच वाटतं.

माझ्या अंगणवाडीतल्या मदतनीस बाईंनी त्याच सुमारास एजन्सी बदलली. जवळच्या एका मोठ्या गावात दुसऱ्या कंपनीची नवी एजन्सी निघाली होती आणि तिची गाडी गल्लीत यायची. "ताई, तुमी काहून बदलून घेत नाई?" त्या म्हणाल्या. "मी माह्या घरी बसल्या बसल्या घेतो."

घरी येऊन मी मामाजींना सांगितलं. ते ओट्यावर बसून तूर निवडत होते.

"कार्ड जुनं हाय आपलं," ते म्हणाले.

"जुनं हाय म्हून गाडी घरी येते का, मामाजी?"

"त्याले काय वाटंन?"

"कोनाले?"

"माया दोस्ताले."

कार्ड त्यांच्या नावावर, सही त्यांची लागणार. त्यानंतर वर्षभरात मी हा विषय तीनदा काढला असेल. तिन्ही वेळा ते म्हणाले, "पाहू," आणि उठून बाहेर गेले.

मग एका एप्रिलमध्ये वरण शिजता शिजता गॅस संपला. दुसऱ्या दिवसापासून मला दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं, सकाळच्या बसने जायचं होतं. मी रात्रीच भाकरी करून ठेवायचं म्हणत होते, तर मामाजी म्हणाले, "तू जाय. टंकी मी आनतो. उद्या गाडीचा दिवस हाय."

"कसे आनसान? ऊन किती हाय."

"सायकल हाय ना. त्यात काय एवढं."

मामाजींचं वय पंच्याहत्तरच्या पुढे. मी नको म्हणाले, पण जोर लावून म्हणाले नाही. खरं सांगायचं तर एक काम कोणीतरी दुसरं माणूस करणार आहे, एवढ्यानेच मला बरं वाटलं. ही गोष्ट मी नंतर बरेच दिवस मनात धरून होते.

संध्याकाळी पाचला परत आले तर दार लोटलेलं होतं. सायकल अंगणात आडवी पडलेली, कॅरिअरला रिकामं सिलेंडर दोरीने तसंच बांधलेलं. मामाजी आत खाटेवर होते, डोक्यावर ओला दुपट्टा. मी हात लावला तर अंग तापलेलं. कांदा ठेचून तळपायाला लावला, साखर-मीठ घालून पाणी दिलं. अर्ध्या तासाने ते उठून बसले.

काय झालं ते त्यांनी तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. सकाळी नऊला ते फाट्यावर पोचले होते. लिंबाच्या झाडाखाली बसले. गाडी बाराला आली. ड्रायव्हरने खिडकीतून हात हलवला, सिलेंडर संपल्याची खूण केली आणि गाडी थांबवलीच नाही. मामाजींना वाटलं, पुढच्या गावाहून परत येताना देईल. म्हणून ते दोनपर्यंत बसून राहिले. परत येताना गाडी दुसऱ्या रस्त्याने गेली, हे त्यांना एका दुचाकीवाल्याने सांगितलं. मग सायकलवर बसायची ताकद राहिली नाही, तर ती हाताने ढकलत आले.

"मी त्याले नाव सांगतलं नाई," ते म्हणाले. "ड्रायव्हरले. सांगाले पाहिजेन होतं."

मालकाचं नाव, असं त्यांना म्हणायचं होतं. गाडी थांबलीच नव्हती तर नाव सांगणार कोणाला.

दुसऱ्या दिवशी प्रशिक्षण सोडून त्यांना डॉक्टरांना दाखवून आणलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चूल पेटवत होते तर मामाजी परसात येऊन उभे राहिले. म्हणाले, "कागद काढ."

कागद सासूबाईंच्या पेटीत होते, एका जुन्या वहीच्या पुठ्ठ्यात. कार्डावर मामाजींच्या सहीचा रंग उडालेला होता. कंपनी दुसरी असल्याने सिलेंडर आणि रेग्युलेटर दोन्ही जमा करायचे होते. मग बंद केल्याचा कागद मिळणार, आणि तो नव्या ठिकाणी दाखवायचा. मदतनीस बाईंनी मला हे सगळं दोनदा समजावलं होतं. मी ऑटो ठरवला, अंगणवाडीला रजा टाकली.

एजन्सीच्या दारात पोचलो तर बाहेर ओसरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, हातात काठी. मामाजी ऑटोतून उतरले आणि थबकले. त्या गृहस्थांनी डोळे बारीक करून पाहिलं.

"अरे, तू होय?"

ते मालक. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. मामाजी त्यांच्याबद्दल सांगायचे तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे नेहमी एक धिप्पाड माणूस यायचा. हे तर मामाजींपेक्षाही वाळलेले. त्यांनी मामाजींचा हात धरून शेजारच्या खुर्चीवर बसवलं.

"टंकी न्याले आला काय?"

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे पाहून म्हणाले, "हो. आलतो म्हटलं."

माझ्या हातात फॉर्म होता. मी तो पदराआड घेतला आणि आत गेले. काउंटरवर तिशीतला एक माणूस होता. मी हळू आवाजात सांगितलं, बंद करायचं आहे. त्याने कार्ड घेतलं, संगणकात नंबर घातला, सिलेंडर आणि रेग्युलेटर ठेवायला सांगितलं. फॉर्मवर कारणाची रेघ रिकामी होती. मी विचारलं, काय लिहू. तो म्हणाला, "लिहा काहीपन. वैयक्तिक लिहा."

मी वैयक्तिक लिहिलं.

बाहेर दोघांचं बोलणं चाललं होतं ते मला ऐकू येत होतं. बोर्डिंगातल्या पातळ डाळीचं, एका मास्तरांच्या सायकलचं, कोण कोण गेलं त्याचं. मालक म्हणत होते, आता पोरंच सगळं पाहतात, मला कोणी काही विचारत नाही, घरी करमत नाही म्हणून इथे येऊन बसतो. मग त्यांनी आवाज चढवून आत सांगितलं, "अरे, ह्याची टंकी आजच्या गाडीत टाक. थेट घरी नेऊन दे म्हना, फाट्यावर नाई."

काउंटरवरचा माणूस माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या हातात माझ्याच फॉर्मावर मारायचा शिक्का होता.

"टाकतो, काका," तो म्हणाला, आणि शिक्का मारला.

सही घ्यायची होती. मी फॉर्म बाहेर नेला आणि मामाजींच्या मांडीवर ठेवला. मालकांनी विचारलं, "हे कायचं?" मी म्हणाले, "आधारचं हाय, काका. सगळ्यांचं घेऊन राह्यले सध्या." त्यांनी मान हलवली. मामाजींनी सही केली. एरवी ते पूर्ण नाव वळणदार लिहितात. त्या दिवशी नुसती रेघोटी ओढली.

निघताना मालक म्हणाले, "येत जाय रे." मामाजी म्हणाले, "येतो."

इतक्या वर्षांचं जुनं कार्ड बंद व्हायला वीस मिनिटंही लागली नाहीत. मला वाटलं होतं, आज काहीतरी मोठं ओझं उतरेल. तसं काही झालं नाही. फक्त भूक लागली होती आणि घरी गेल्यावर चूल पेटवायची होती.

नव्या एजन्सीत दोन खेपा गेल्या. मामाजींचा अंगठा मशीनवर उठेना. तिथल्या मुलीने त्यांचं बोट पुसून पाहिलं, दुसरं बोट लावून पाहिलं, दहाही बोटं झाली. आयुष्यभर निंदण, नांगर, विहिरीचा दोर यांत ती बोटं गुळगुळीत झालेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी मामाजीच मुलीला म्हणाले, "इचं घ्या. इच्याच नावावर करा."

"चालते ना तुम्हाले, काका?" मुलीने विचारलं.

"चालते. स्वयंपाक तेच करते."

माझा अंगठा पहिल्याच खेपेला उठला. त्या घरात येऊन मला बावीस वर्षं झाली होती, आणि माझ्या नावावरची ती पहिली वस्तू. मी पुण्याला यजमानांना फोन करून सांगितलं तर ते म्हणाले, बरं झालं, आता फोन तुलाच येतील.

मधले पाच दिवस चूल होती. मामाजी सकाळी उठून तुराट्या मोडून चुलीपाशी रचून ठेवायचे, मी न सांगता. एकदा जाळही त्यांनीच केला. धुराने डोळे पुसत म्हणाले, "तुयी सासू रोज करे."

"हो, मामाजी."

"मी कधी पाह्यलंच नाई बापा, कसं करे ते."

सहाव्या दिवशी गाडी गल्लीत आली. रविवार होता. एक चांगला पोक्त माणूस सिलेंडर खांद्यावर घेऊन थेट स्वयंपाकघरात आला, रेग्युलेटर बसवला, पाण्याचं बोट फिरवून गळतं का पाहिलं आणि गेला. सगळं मिळून पाच मिनिटं. मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. चहा ठेवायचा होता. डोळा कधी लागला कळलं नाही. जाग आली तेव्हा दुपार झाली होती, आणि मामाजी ओट्यावर बसून शेजाऱ्याला हलक्या आवाजात सांगत होते, "झोपली हाय. नंतर ये."

याला आता दीड वर्ष होतंय. पहिले सात-आठ महिने गाडी दारात आली. मग गल्लीत वळायला त्रास होतो म्हणून मारुतीच्या पाराशी थांबायला लागली. पार आमच्या घरापासून दोनशे पावलांवर आहे. मी ट्रॉली घेऊन जाते, शेजारची बाई एका बाजूने हात लावते. अंगणवाडीच्या वेळात गाडी आली तर मामाजी पाराशी जाऊन बसतात आणि ड्रायव्हरला थांबवून धरतात. मी पोचेपर्यंत तो थांबतो. उद्या गाडी पारापर्यंतही आली नाही तर काय, हा विचार मी करत नाही. तेव्हाचं तेव्हा पाहू.

शहरातल्या मालकांचा मधे दोनदा फोन आला, सिलेंडर वेळेवर मिळतं का म्हणून. मामाजींनी दोन्ही वेळा सांगितलं, मिळते. ते खोटंही नव्हतं. भेटायला मात्र ते अजून गेलेले नाहीत. मी म्हटलं, दिवाळीत हे आले की घेऊन जातील तुम्हाला. ते म्हणाले, पाहू.