सहीपर्यंत ओढलेला मजकूर

कोर्टाच्या पोर्चमध्ये, जिन्याखालच्या टेबलावर ती बावीस वर्षं बसत होती. वकील, कारकून, पक्षकार, सगळ्यांची ती टायपिस्टबाई. आधी टाइपरायटर, मग कॉम्प्युटर आणि शेजारी धापा टाकणारा प्रिंटर. मजकूर सांगता सांगता एखादा वकील श्वास घ्यायला थांबला, की ती म्हणे, "बोला ना साहेब, वाक्य अर्धवट लटकलंय."

तिथं कामाची एक रीत पडून गेली होती. पक्षकार लांबून आलेला असे, वकील घाईत असे, आणि मजकूर तयार नसे. मग बाईच कोरा कागद पुढं सरकवी. "इथं खाली सही करा आणि निघा. वर काय लिहायचं ते साहेब सांगतील, मी टाकते." अशा शेकडो सह्या तिनं घेतल्या. त्यात तिला कधी वावगं वाटलं नाही. उलट, कुणाचा हेलपाटा वाचवला याचं समाधानच असे.

नवरा गेला आणि दिरानं तिच्या वाटणीच्या दोन खोल्यांना कुलूप ठोकलं. तिनं दावा लावला. वकील शोधावा लागलाच नाही. ज्यांचे कागद ती सगळ्यात जास्त टाइप करायची, ते वकीलसाहेब म्हणाले, "बाई, तुम्ही तर घरच्याच." त्यांच्या ऑफिसात तिनं तीन कोऱ्या कागदांवर सह्या केल्या. रोज दुसऱ्यांकडून करून घ्यायची, तशाच.

दोन वर्षांनी दावा निकाली निघाला, तोही तिच्याच अर्जावर. 'मला दावा चालवायचा नाही. खोल्यांवरचा हक्क मी राजीखुशीनं सोडते.' खाली तिची सही. आणि दिराची कोर्टाची सगळी कामं आता त्याच वकीलसाहेबांकडे!

तिला रडू आलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली.

"याची सनद गेली पाहिजे," ती मुलीला म्हणाली. "याच्या अंगावर पुन्हा काळा कोट दिसता कामा नये."

मुलगी इलेक्ट्रॉनिक्स शिकत होती. तिनं विचारलं, "आणि खोल्या?"

"खोल्यांचं वेगळं लढू. आधी हा."

वकिलाविरुद्धची तक्रार वकील परिषदेकडे करायची असते. ती ऐकते शिस्तपालन समिती, आणि समितीतले तिघंही वकीलच. "म्हणजे बोक्यानं दूध प्यायलं, ते तीन बोक्यांना सांगायचं," मुलगी म्हणाली. वर्षभर नुसत्या तारखा पडल्या. एकदा वकीलसाहेबांची कंबर धरली. एकदा समितीतल्या एकाच्या घरी लग्न निघालं. एकदा तर फाइलच्या कपाटाची किल्ली ज्याच्याकडे, तोच रजेवर गेला. प्रत्येक खेपेला बाई धंदा बुडवून जाई आणि दात-ओठ खात परत येई.

शेवटी सुनावणीचा दिवस उजाडला. लांब टेबल, त्यामागं तिघं, कोपऱ्यात नोंद घेणारा कारकून. मुलगी दाराशी बसली. वकीलसाहेब गोड आवाजात म्हणाले, "बाई काही अडाणी नाहीत. यांचं आयुष्य कागद टाइप करण्यात गेलं. या न वाचता सही करतील?"

अध्यक्षांनी अर्ज वर धरला. "सही तुमचीच?"

"माझीच. मजकूर नंतर घातलाय."

"कशावरून?"

तिनं दाराकडं पाहिलं. मुलीनं निघताना बजावलं होतं, 'हे बोललीस तर टेबल जाईल, आई.'

"पट्टी लावून बघा," बाई म्हणाली. "वरच्या नऊ ओळी एकमेकींना चिकटून आहेत. शेवटच्या चार लांब लांब. मजकूर संपत आला आणि सही राहिली खाली. मध्ये मोकळी जागा दिसली तर कुणालाही शंका येईल, म्हणून मजकूर सहीपर्यंत ओढलाय. आधी छापला असता तर मी सही वरच, मजकूर संपला तिथं केली असती."

अध्यक्षांनी खरंच पट्टी लावली. मग चष्म्यावरून बघत विचारलं, "हे तुम्हाला कसं कळलं?"

"मी स्वतः ओढते म्हणून. बावीस वर्षं ओढत आलेय."

वकीलसाहेब ताडकन उठले. "घ्या नोंद! ही बाई स्वतः गुन्हा कबूल करतेय!"

"घ्या ना!" तिचा आवाज चढला. "आणि कुणासाठी ओढले तेही घ्या. यांच्यासाठी. लोक माझ्या तोंडाकडं बघून सह्या करायचे हो. त्यातल्या किती जणांचं माझ्यासारखं झालं, मला ठाऊक नाही. आणि अध्यक्षसाहेब, तुमच्या ऑफिसातूनही सह्या केलेले कोरे कागद यायचे. निळ्या फाइलमधून."

उरलेले दोघं टेबलाकडं बघत बसले. अध्यक्ष कारकुनाला म्हणाले, "शेवटचं वाक्य घेऊ नका."

"का नको? माझं घेतलंत ना? मग तुमचं का नको?"

ते वाक्य नोंदीत आलं नाही.

महिन्याभरात निकाल लागला. गैरवर्तन सिद्ध, वकीलसाहेबांची सनद एक वर्ष निलंबित. निकालाची प्रत कोर्टाच्या कचेरीत गेली आणि चौथ्या दिवशी बाईच्या हातात पत्र पडलं: पोर्चमध्ये बसण्याची परवानगी कायमची रद्द.

"त्याला एक वर्ष," ती टेबलाच्या खणातलं सामान पिशवीत कोंबत म्हणाली, "आणि मला जन्मभर! त्याची विश्रांतीच झाली की गं ही. वर्षानं ताजातवाना होऊन येईल."

"वरच्या परिषदेकडं अपील करता येतं," मुलगी म्हणाली. "साठ दिवसांत."

कॉम्प्युटर घरी आला, जेवणाच्या टेबलावर मांडला गेला. ताटं खाली जमिनीवर गेली. बाईनं बोटं मोडली आणि सुरुवात केली. मुलगी मागं उभी राहून वाचत होती.

"आई, 'निर्लज्ज' काढ. अपिलात असं लिहीत नाहीत."

"किती वेळा आलाय?"

"पहिल्याच पानावर तीनदा."

"दोन काढते," बाई म्हणाली. "अध्यक्षाचा राहू दे."