नातेवाईक नव्हे, काका

फॉर्म भरण्यासाठीच जन्माला आलेला माणूस जगात कुणी असेल, तर ते आमचे काका. उभ्या आयुष्यात त्यांनी एकच फॉर्म चुकवला, आणि तो माझा होता. या दोन वाक्यांत खरं तर सगळं आलं. पण इथेच थांबले तर माझा राग नुसताच राग दिसेल, तो कुणावर होता ते कळणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे भाऊ नव्हेत. बाबांना भाऊच नाही. मी अकरा वर्षांची असताना आम्ही पुण्याहून लंडनच्या हॅरोला आलो, आणि पहिल्याच रविवारी हे गृहस्थ एका हातात पोह्यांचा डबा आणि बगलेत कौन्सिलचे, डॉक्टरांचे, शाळेचे असे निरनिराळे फॉर्म घेऊन दारात उभे राहिले. बाबांना त्यांनी "कुठले?" एवढंच विचारलं. मला म्हणाले, "मेधा ना? मी काका." मग आमच्याच टेबलाशी बसून त्यांनी आमचे फॉर्म भरायला घेतले. बाबांची जन्मतारीख त्यांनी बाबांच्या आधी सांगितली, कारण पासपोर्ट त्यांच्याच हातात होता. पोहे गार झाले. त्या दिवसापासून आमच्या घरात काका म्हटलं की ते, आणि आमच्या दाराची बेल वाजवायची असते हे त्यांना कुणी कधी सांगितलं नाही.

इथे गणिताचे मास्तर होण्याआधी काकांनी चार वर्षं अमरावतीच्या कलेक्टर कचेरीत कारकुनी केली होती. कचेरी सुटली, पण आवक-जावक सुटली नाही. त्यांच्या जिन्याखालच्या कपाटात दोन जाडजूड रजिस्टरं होती, एक येणाऱ्या पत्रांचं, एक जाणाऱ्यांचं. घरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कागदाला जावक क्रमांक पडायचा आणि त्याची कार्बन कॉपी फायलीत जायची. दूधवाल्यासाठी बाटलीत खोचलेल्या 'उद्या दूध नको' या चिठ्ठीचीसुद्धा. काकूंनी बहिणीला लिहिलेलं दिवाळीचं पत्र दोन दिवस अडकून पडलं होतं, कारण त्यावर 'विषय' नव्हता. काकू सांगायच्या, "लग्नाआधी ह्यांनी मला लिहिलेल्या पत्रांवरही नंबर आहेत. माझं उत्तर उशिरा आलं की प्रेमपत्र नाही यायचं, स्मरणपत्र यायचं." काका मान खाली घालून म्हणायचे, "पण उत्तर आलं की नाही?"

ते माझ्याच शाळेत शिकवायचे, आणि शनिवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये मुलींचं बास्केटबॉल घ्यायचे. शाळेनं हॉल त्यांना दिला होता तो कौतुकानं नव्हे. मुलींच्या बास्केटबॉलसाठी शनिवारी उठायला दुसरं कुणी तयार नव्हतं, एवढंच. खाली ट्रॅकसूटची पँट, वर शर्ट आणि टाय अशा वेषात ते यायचे. "सूचना देणारा माणूस टायमध्ये असावा," म्हणायचे. मला ते मराठीतून ओरडून सांगत, आणि समोरच्या संघाच्या शिक्षिकांना वाटे की ही काहीतरी सांकेतिक भाषा आहे. प्रत्यक्षात ते "अगं, नाडी बांध" असं सांगत असत. हळूहळू सगळ्याच मुली मराठी शिकल्या. आमची सगळ्यात चांगली खेळाडू मॅन्डी, तांबड्या केसांची आणि तोंडानं फटकळ, मैदानावर मला "थांब गं" असं इतकं स्वच्छ म्हणायची की माझ्या आईनं एकदा मागे वळून पाहिलं.

पण हॉलमध्ये पाऊल टाकायचं तर आधी दारात पाच गणितं सोडवावी लागत. काकांचा तो कायदा होता. "डोकं नापास आणि पाय पास, असा खेळाडू मला नको," असं ते म्हणत. सेमीफायनलच्या दिवशी मॅन्डीची पाचपैकी तीन चुकली. काकांनी तिला बाकावर बसवलं आणि आम्ही दोन पॉइंटांनी हरलो. मॅन्डी त्यांना काय काय बोलली ते मी इथे लिहीत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चौथं परत करून बघ. वजाबाकीत चुकली आहेस." पुढच्या शनिवारी ती पाचही सोडवून आली. असा माणूस. नियमाच्या बाबतीत यांच्याकडून चूक होईल असं स्वप्नातही कुणाला वाटलं नसतं.

मी शाळेत बोलत नसे. पुण्यातली इंग्रजी शाळा आणि हॅरोतली इंग्रजी शाळा यांतलं इंग्रजी एक नव्हतं, आणि दोनदा हसं झाल्यावर मी तोंड मिटलं ते मिटलंच. पंधराव्या वर्षी माझी उंची पाच फूट अकरा इंच झाली. मी ती खांदे पाडून लपवत असे. खेळाच्या बाई म्हणाल्या होत्या, "तुमच्याकडच्या मुलींवर मेहनत घेऊन उपयोग नसतो, सोळाव्या वर्षी तुम्ही सोडता." मी तेव्हाही काही बोलले नाही. काका मात्र शेजारीच उभे होते. "ताठ उभी राहा," एवढंच ते मला मराठीत म्हणाले. त्या हॉलमध्ये, चेंडू हातात असताना, मला कुणी काही विचारत नसे आणि तरी सगळे माझ्याकडे बघत असत. असं मला दुसरीकडे कुठेही मिळालं नव्हतं.

मी ए-लेव्हलला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षांत असताना काकांनी अमेरिकेतल्या एकतीस कॉलेजांना पत्रं लिहिली. एकतीस जावक क्रमांक. तिथे खेळणाऱ्या मुलींना फुकट शिकवतात असं त्यांनी कुठेसं वाचलं होतं. तीस ठिकाणांहून काही आलं नाही, त्यांना स्मरणपत्रं गेली. एकतिसाव्या कॉलेजातली कोच लंडनला कुठल्याशा स्पर्धेला आली होती, तिनं मला खेळताना पाहिलं आणि पुढच्या आठवड्यात आमच्या घरी फोन केला. चार वर्षांची फी, राहणं, जेवण, आणि संघात जागा. आईनं रिसीव्हर माझ्या हातात दिला, तर मी त्या बाईशी दहा मिनिटं बोलले. माझी मीच ऐकत राहिले. अट एकच होती. अभ्यासात पात्र असल्याचं शाळेनं त्यांच्या फॉर्मवर लिहून द्यायचं, शिकवणाऱ्या शिक्षकाच्या सहीनं.

शाळेच्या हेडनी फॉर्म काकांकडे सरकवला. तुम्हालाच या भानगडी कळतात, म्हणाले. काकांनी त्यावर तीन रविवार घातले. अमेरिकेला दरवर्षीचे, विषयवार मार्क हवे होते, आणि आमच्या शाळेच्या रिपोर्टात मार्क नव्हतेच, नुसती मतं होती. माझ्या सगळ्या रिपोर्टांत एकच मत होतं, 'शांत मुलगी आहे.' "आता 'शांत मुलगी' याचे किती टक्के धरायचे?" काका हताश होऊन बाबांना विचारत होते. शेवटी त्यांनी मागच्या पाच वर्षांच्या चाचण्यांचे कागद कपाटांतून शोधून काढले, बेरजा केल्या, टाइप केलं, शिक्का मारला. फॉर्मच्या तळाशी ठळक अक्षरांत सूचना होती की विद्यार्थिनीच्या नातेवाइकानं भरलेला फॉर्म ग्राह्य धरला जाणार नाही. काकांनी आपल्या प्रतीवर त्या सूचनेखाली पट्टी लावून लाल रेघ ओढली होती. आणि तिच्या बरोबर वर, 'विद्यार्थिनीशी आपलं नातं' या रकान्यात, टाइप केलं होतं, 'अंकल'. नुसतं तेवढंच नाही. अमेरिकन लोकांना काका की मामा ते कळायचं नाही म्हणून पुढे 'वडिलांच्या बाजूनं' असंही लिहिलं होतं.

फॉर्म तीन आठवड्यांनी परत आला. मी तो घेऊन बाबांबरोबर काकांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून सूचना वाचली, रकाना वाचला, परत सूचना वाचली.

"बरोबर आहे की," ते म्हणाले. "नातेवाइकानं भरायचा नाही. मी कुठे नातेवाईक आहे? मी काका आहे."

बाबा हसले. मी हसले नाही. महिनाअखेरीपर्यंत मुदत होती. मी कोचला फोन केला. ती म्हणाली, साधं आहे, 'मी हिचा काका नाही' असं त्यांना एका ओळीत लिहून द्यायला सांग.

ती एक ओळ लिहायला काकांनी नऊ दिवस घेतले. आधी त्यांनी 'रक्ताचं नातं नाही' असं लिहिलं. मग 'मानलेला काका' याला इंग्रजी शब्द शोधत बसले. मग एका मसुद्यात आमच्याकडे काका कुणाला म्हणतात याचं दीड पान झालं. मी रोज शाळा सुटल्यावर जायचे, आणि रोज ते नवा मसुदा दाखवायचे. नवव्या दिवशी ते म्हणाले, "मेधा, नातेवाईक नाही असं शंभरदा लिहितो. पण काका नाही असं खोटं कसं लिहू गं?"

"खोटं नाही ते," मी म्हणाले. "खरं आहे. तुम्ही माझे कुणी नाही. माझं वाटोळं करायला फक्त काका आहात."

काकू ओट्याशी उभ्या होत्या. त्यांनी नळ बंद केला. काका उठून टाइपरायटरपाशी गेले आणि उभ्या उभ्या एक ओळ टाइप केली. मला वाचायला दिली नाही, पाकिटात घालून चिकटवून दिली. "पोस्ट सव्वापाचला निघतं," म्हणाले.

उपयोग झाला नाही. तिकडच्या ऑफिसनं कळवलं की एकाच माणसानं महिन्याभरात सहीनिशी दोन उलट गोष्टी लिहून दिल्या आहेत, त्यामुळे दोन्ही धरता येत नाहीत. दुसऱ्या शिक्षकाच्या सहीनं नवा फॉर्म मिळावा म्हणून बाबा हेडकडे गेले. परीक्षेचे दिवस होते. हेड म्हणाले, तिला एडिनबराला प्रवेश मिळालेलाच आहे ना? शांत मुलगी आहे, तिला तेच मानवेल. मुदत संपली, आणि कोचनं ती जागा दुसऱ्या मुलीला दिली. 'शांत' हा शब्द मी त्यानंतर कुणाच्याही बाबतीत वापरलेला नाही.

एडिनबराला मी चार वर्षं संख्याशास्त्र शिकले. एका थंड हॉलमध्ये, बघायला कुणी नसताना, चार वर्षं खेळले. हेडचा राग येत होताच, त्या ऑफिसचाही, खेळाच्या बाईंचाही. पण त्या सगळ्यांनी माझ्यासाठी काही केलंच नव्हतं, त्यामुळे त्यांच्यावरचा राग टिकेना. टिकला तो ज्यानं सगळं केलं त्याच्यावरच. काकांची पत्रं यायची, कोपऱ्यात जावक क्रमांक घातलेली, विषय 'अभ्यास व तब्येत'. मी वर्षातून एकदा ख्रिसमस कार्ड पाठवायचे. सुट्टीत भेट झालीच तर त्यांना काही म्हणून हाक मारायची नाही, असं मी ठरवलं होतं. हाक न मारताही सगळं बोलता येतं. "चहा घेणार का", "आई बोलावते आहे". ते चहा घ्यायचे. त्यांच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटायचं.

मागच्या वर्षी काका-काकूंनी हॅरोचं घर विकलं आणि अमरावतीला परत जायचं ठरवलं. काकूंचा फोन आला, "बाई, ह्यांच्या फायली तू तरी बघ येऊन. मी पेटवून देईन नाहीतर." मी गेले. जिन्याखालच्या कपाटात वाकून बसले आणि जावक रजिस्टर उघडलं. माझं पान शोधायला वेळ लागला नाही. क्रमांक, तारीख, कोणास, विषय, प्रत, असे काकांच्या हातचे रकाने.

'८०९. अमेरिकेतील कॉलेज. चि. मेधा (पुतणी) हिचे गुणपत्रक. प्रत आहे.'

त्याखाली मधल्या चार नोंदी गॅस कंपनीच्या आणि कौन्सिलच्या. मग:

'८१४. अमेरिकेतील कॉलेज. चि. मेधाबद्दल खोटे पत्र. प्रत ठेवली नाही.'

मी फायल काढून पाहिली. ८१३ नंतर ८१५ होतं. दूधवाल्याची चिठ्ठी.

राग गेला असं म्हणणार नाही. तो फॉर्म नीट भरला असता तर माझं आयुष्य दुसरं झालं असतं, आणि ते कसं झालं असतं हे मला आता कधी कळणार नाही. पण इतकी वर्षं ते पत्र खरं आहे असं धरून मी त्यांच्याशी वागत आले होते.

दारात ट्रॅकसूट आणि टाय उभा राहिला. "काही कामाचं सापडलं का?"

"हो, काका," मी म्हणाले. "ही रजिस्टरं नेऊ?"

ते खाली बसले, माझ्या हातातून रजिस्टर घेऊन शेवटचं लिहिलेलं पान उघडलं आणि खिशातलं पेन काढून नवी नोंद केली. कोणास: चि. मेधा. विषय: रजिस्टरे, दोन. "पोच म्हणून इथे सही कर," ते म्हणाले. मी सही केली. नात्याचा रकाना त्यात नव्हता. या खेपेला तो असता तर बरं झालं असतं.