पाणी तापायच्या आधी

कुरुंद्यात हळद काढणीला आली की मालनबाईंचा भाव वाढतो. शिजवायचे कुकर आता ट्रॅक्टरमागे बांधून शेताशेतात फिरतात. मधल्या टाकीत पाणी, खाली जाळ, आणि बाजूच्या ड्रमांत भरलेली ओली हळद वाफेवर शिजते. कुकर कुणाचाही असो, ड्रम उघडायचा कधी ते मालनबाईंनी सांगायचं. झाकणाशी येणारा वास घ्यायचा, एखादं हळकुंड काढून त्यात काडी टोचून बघायची आणि म्हणायचं, "व्हय, काढा." कच्ची राहिली तर वाळता वाळत नाही, जास्त झाली तर रंग उतरतो. अडुसष्टाव्या वर्षीही कामावरच्या बाया त्यांच्या तोंडाकडे बघूनच उठत-बसत. कुकरवाला हरिचंद तर म्हणायचा, "मालनकाकू, तुमचं नाक मला भाड्यानं द्या, मी बाकीची माणसं कमी करतो."

"नाकासंग तोंडबी येईल रे बाबा," मालनबाई म्हणायच्या. "ते परवडन का तुला?"

तर अशा ह्या बाईचं काळीज यंदा संक्रांतीनंतर फडफडायला लागलं. सुपात कुणी दाणे पाखडतंय तसं, न ताल न लय. दोन पायऱ्या चढल्या की धाप. त्यांनी आठ दिवस कुणाला सांगितलं नाही. शेवटी सून कोमलनं एकदा त्यांचं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. "आत्याबाई, उद्या वसमतला जायाचं."

मुलगा विश्वंभर दारात उभा होता. आई निघताना म्हणाला, "दाखवून ये. पण डाक्टरनं काही निघालं म्हटलं ना, तर औंदा कुकरापाशी जायाचं न्हाई. सांगून ठेवतो."

हेच मालनबाईंच्या मनात वाटभर होतं. काळजाचं काय व्हायचं ते होईल. पण हळदीच्या दिवसांत घरी बसून दुसऱ्याच्या शेतातला वास नुसता वाऱ्यावर घ्यायचा, हे त्यांच्याच्यानं होणार नव्हतं.

वसमतच्या डॉक्टर अफशीन तिथल्याच. वयानं कोमलएवढ्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी छातीला चिकटपट्ट्या लावून ईसीजीची कागदी पट्टी काढली आणि ती मालनबाईंसमोर धरली.

"मावशी, हे टोक बघा. हे आणि पुढचं, ह्यातलं अंतर सारखं आहे का?"

मालनबाईंनी चष्मा चढवला. "न्हाई. पोरानं रेघा ओढल्यावानी हाये."

"बरोबर. हृदयाचे वरचे कप्पे नीट आवळत नाहीत, नुसते थरथरतात. मग रक्त तिथं साचून राहतं, त्याची गाठ होते. ती गाठ सुटून मेंदूकडे गेली की लकवा. आता तो धोका तुम्हाला किती, ते मोजू."

"काळजातला धोका बोटावर मोजतात?"

"बोटावरच. हाताची पाच पुरतात बहुतेकांना. वय पासष्टच्या पुढे, एक. पंच्याहत्तरच्या पुढे असतं तर दोन धरले असते. साखर आहे?"

"न्हाई."

"बीपी?"

"छे! कवाच न्हाई," मालनबाई ठसक्यात म्हणाल्या.

कोमल खुर्चीत चुळबुळली. "आत्याबाई, सकाळची पांढरी गोळी कशाची मग?"

"ती गोळी चालू हाये म्हणून तर बीपी न्हाई मला!"

डॉक्टर मनापासून हसल्या. "निम्मा तालुका मला हेच सांगतो. मावशी, पदरानं झाकलं म्हणून लेकरू घरात नाही असं होतं का? हा दुसरा." त्यांनी आणखी एक बोट उघडलं. हृदयाला सूज, आधीचा हार्ट अटॅक, पायांच्या नसांचं दुखणं, एकेक विचारत गेल्या. त्यातलं काही नव्हतं. मग म्हणाल्या, "कधी हातातलं बळ गेलं, तोंड वाकडं झालं, बोलता येईना? थोडा वेळ का होईना?"

"न्हाई," मालनबाई म्हणाल्या. जरा घाईनंच.

"मागच्या साली वाफ लागली होती, तेवढंच," कोमल म्हणाली.

डॉक्टरांनी मान वर केली. "वाफ लागली म्हणजे?"

कोमलनं सांगितलं. बायांतल्याच लक्ष्मीबाईच्या शेतात हळद शिजवायची होती. आत्याबाईंच्या उजव्या हातातली काडी गळून पडली. पाणी मागायला गेल्या तर शब्द भलतेच यायला लागले. बायांनी सावलीला निजवलं, कांदा फोडून नाकाशी धरला, ताक पाजलं. अर्ध्या तासात उठून बसल्या आणि ताकात मीठ जास्त झालं म्हणून लक्ष्मीबाईला बोलल्यासुद्धा. कुकरापाशी वाफ लागायचीच; सगळ्यांना ठाऊक आहे.

डॉक्टर मालनबाईंकडे वळल्या. "उष्म्यानं माणूस गळतं, ते खरं. तसं असेल तर मी ते धरणार नाही, दोनावर थांबेन. पण तसं नसेल तर ह्या एकाच गोष्टीचे दोन धरायचे. मी तिथं नव्हते. तुम्हीच सांगा, वाफच होती का?"

मालनबाईंनी पदर मांडीवर नीट केला, मग पुन्हा केला. वाफ म्हटलं की झालं. कोमल घरी 'फार काही निघालं न्हाई' म्हणून सांगणार, विश्वंभर कुकरापाशी जाऊ देणार. पण हळदीच्या बाबतीत त्या आजवर कुणाशी खोटं बोलल्या नव्हत्या. कच्च्याला शिजलेलं म्हटलं नव्हतं, सख्ख्या दिराची हळद होती तेव्हाही नाही.

"वाफ नव्हती," त्या म्हणाल्या. "हरिचंद तवा कुठं जाळ लावून राहिला होता. टाकीतलं पाणी गार होतं. वाफ येईल कुठनं?"

कोमल खुर्चीत पुढे सरकली. "अन् तुमी बोलल्या काहून न्हाईत?"

"पहिल्यांदी बोलताच येत नव्हतं. अन् आलं तवा बाया म्हणून राहिल्या होत्या, वाफ लागली, वाफ लागली. ऐकून बरं वाटलं मला. म्हटलं, राहू दे वाफच."

डॉक्टरांनी आणखी दोन बोटं उघडली. नुसता अंगठा मिटलेला राहिला. "चार. अशा शंभर माणसांना औषध दिलं नाही, तर वर्षभरात चार-पाच जणांना लकव्याचा झटका येतो."

"मंजे पंच्याण्णव जणं सुटतात की!"

"सुटतात. पुढच्या वर्षी पुन्हा शंभर मोजायचे. आणि त्या पाचात कोण, ते मलाही दिसत नाही. गोळी रोज घेतली तर झटका येणाऱ्या तिघांतले दोघं वाचतात."

मालनबाईंनी ते मनात घोळवलं. "रक्त पातळ झाल्यावर काटा रुतला तर थांबायचं न्हाई म्हणतात."

"थांबतं, जरा जास्त वेळ दाबून धरायचं. डोक्यावर पडलात किंवा शी काळी झाली तर लगेच माझ्याकडे. अंग दुखलं म्हणून मनानं गोळ्या आणून खायच्या नाहीत. आज किडनीचं रक्त तपासू, हृदयाची सोनोग्राफीही करून घेऊ, मग गोळी कोणती ते ठरवते."

"अन् कुकर?"

"वास घ्या, काडी टोचा. ड्रमांना हात लावायचा नाही. पुन्हा तसं झालं तर कांदा नको, ताक नको. तोंडात काही घातलं तर नरड्यात अडकायचं. सरळ गाडीत घालून दवाखान्यात."

घरी आल्यावर कोमलनं सगळं सांगितलं, काही न गाळता. विश्वंभर म्हणाला, "झालं मग. आता घरी बसायचं."

"डाक्टरीण बाई जा म्हणते, तू नको म्हणतो. शिकला किती तू?" मालनबाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून बोलल्या, "हे बघ, मी गप बसले असते तर तू मला जाऊ दिलं असतंस. खरं सांगितलं म्हणून डांबून ठेवतोस? पुढच्या बारीला मी सांगावं का न्हाई मग तुला?"

विश्वंभरनं हातातली बैलाची दोरी खुंटीला गुंडाळली. "कोमल संग राहील," शेवटी तो म्हणाला. "अन् गोळी माझ्यासमोर."

"तुझ्या बापानं कवा असा पहारा दिला न्हाई," मालनबाई म्हणाल्या, पण गोळी त्याच्यासमोरच घेतली, दुसऱ्या दिवशीही आणि नंतरही.

हळद शिजवायचा पहिला दिवस आला. हरिचंद टाकीत पाणी भरत होता. मालनबाईंनी बायांना जवळ बोलावलं.

"ऐका गं. औंदा मला वाफ लागली असं कुणी म्हणायचं न्हाई. हात गळाला, तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, तर मला उचलायचं अन् गाडीत घालायचं. माझंच न्हाई, कुणाचंबी. मी नको म्हटलं तरी ऐकायचं न्हाई."

"अन् खरंच वाफ असली तर?" लक्ष्मीबाईनं विचारलं.

"तरी घाला. वाटंत बरी झाले तर वसमतला तुला लुगडं घेऊन देईन."

"मग आजच लागू द्या की!" मागून कुणीतरी म्हणालं आणि बाया फिदीफिदी हसल्या. मालनबाईही हसल्या, पण लक्ष्मीबाईकडून 'गाडीत घालू' असं तोंडानं वदवून घेतल्याशिवाय त्यांनी तिला सोडलं नाही.

हरिचंदनं पाण्याचा पाइप खाली ठेवला. झाडाखाली आडवी लावलेली आपली जीप त्यानं काढली आणि रस्त्याकडे तोंड करून उभी केली.