वदादची भट्टी

गाझाच्या झैतून मोहल्ल्यात वदाद फराह हे नाव दोन गोष्टींसाठी माहीत होतं. एक, तिनं शिवलेले नवरीचे झगे, आणि दुसरी, तिच्या तोंडाचा पट्टा. घर ख्रिस्ती असो की मुसलमान, मुलीचं लग्न ठरलं की आई तिला घेऊन आधी वदादच्या दुकानाची पायरी चढायची. वदादनं स्वतः मात्र लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "एवढ्या नवऱ्या सजवल्या, त्यांचे नवरेही पाहिले. म्हणून तर!"

तिच्या दुकानामागे हाजी रिझ्कची बेकरी होती. एकदा बेकरीच्या धुराड्यातली काजळी खिडकीत टांगलेल्या झग्यावर पडली. लग्न दुसऱ्याच दिवशी. वदाद तो झगा घेऊन तडक बेकरीत गेली आणि गिऱ्हाइकांच्या गर्दीसमोर तिनं तो हाजीच्या गल्ल्यावर आपटला. हाजीही काही कमी नव्हता. "आभाळातून राख पडली तरी मलाच धरशील!" म्हणाला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. रोटीसाठी वदाद दोन गल्ल्या ओलांडून जायची, पण हाजीच्या दारात पाऊल टाकायची नाही. अशी कित्येक वर्षं गेली.

मग युद्ध सुरू झालं. मोहल्ल्यात घरं कोसळू लागली तशी ख्रिस्ती कुटुंबं गाद्या, पातेली, म्हातारी माणसं घेऊन जुन्या चर्चच्या आवारात येऊन राहिली. वदाद आली ती सॅटिनचे तागे आणि घुंगटाच्या जाळीचं गाठोडं घेऊन. लोक तिच्याकडे बघतच राहिले.

"इथं कुणाचं लग्न आहे, वदाद?" कमीलनं विचारलं. हा घड्याळं दुरुस्त करणारा, कायम वैतागलेला माणूस.

"तुझंच लावते. आधी खिळा ठोक."

संध्याकाळपर्यंत चर्चच्या सभागृहात दोऱ्या बांधून तिनं पांढऱ्या सॅटिनचे पडदे टांगले होते. प्रत्येक कुटुंबाला आपला कोपरा झाला. बायकांना कपडे बदलायला आडोसा झाला.

काही दिवसांनी विमानातून कागद पडले. सगळ्यांनी दक्षिणेला निघून जावं, असा हुकूम त्यांवर होता. सभागृहात सगळे जमले. चर्चचे पाद्री अबूना सिल्वानोस म्हणाले, "जाणाऱ्याला मी अडवणार नाही. राहणाऱ्याला सोडणारही नाही."

कमील म्हणाला, "शहाण्यांनी निघावं. इथं राहणं म्हणजे मरणाला आवतण देणं."

वदादनं कोपऱ्यातल्या खाटेकडे बोट दाखवलं. खाटेवर अंतूनकाका होते. पक्षाघातानं त्यांची एक बाजू गेलेली. "काकांना पाठुंगळी घेऊन तू चालणार असशील, तर मी आत्ता चपला घालते. बोल."

 कमीलची स्वतःची आईही दोन खोल्यांपलीकडे चालू शकत नव्हती. काही कुटुंबं गेली, बरीचशी राहिली. कमील राहिला, पण कुरकुरतच.

राहणं ठरलं तरी खाणार काय? साठवलेला तांदूळ संपला, मसूर संपत आला. बाजारात पीठ दिसेना. तेव्हा एका सकाळी फाटकावर हाजी रिझ्क उभा दिसला. हातगाडीवर पिठाची पोती होती. वदादच पुढं गेली, कारण फाटकाची किल्ली तिच्याकडे होती. 

"गॅस संपला. बेकरी बंद आहे," हाजी म्हणाला. "पीठ आहे. तुमच्या अंगणात जागा आहे आणि भिंत दगडी आहे. इथं मातीची भट्टी घालू. तुमची माणसं खातील, माझी गल्लीही खाईल."

"काजळी पडेल ना, हाजी," वदाद म्हणाली.

"पडेल. झगे आहेत का टांगलेले?"

वदादला हसू आवरेना. तिनं फाटक सताड उघडलं.

हाजीनं माती कालवली, पेंढा मिसळला, दोन दिवसांत भट्टी उभी केली. जळणाला पडक्या घरांच्या चौकटी आणि तुटलेल्या जैतुनाच्या फांद्या. पहिली रोटी निघाली तेव्हा अंगणात म्हातारी माणसंसुद्धा खुर्च्या ओढून बसली. सोबत थोडं झातर, म्हणजे रानओवा-तिळाची भुकटी, आणि थोडं तेल. अंतूनकाकांनी चांगल्या हातानं रोटी छातीशी धरली आणि बराच वेळ नुसती हुंगली.

असं चाललं असतानाच एका दुपारी हाजीच्या गल्लीवर बॉम्ब पडला. बेकरी आणि वरचं घर, दोन्ही गेलं. हाजीचा धाकटा भाऊ त्यात गेला. हाजीला लोकांनी उखडलेल्या दाराच्या फळीवर घालून आणलं, गुडघ्याखाली पाय चेंदलेला. मागून त्याची बायको फाएजा, सुना, नातवंडं आणि गल्लीतली आणखी माणसं. सगळी फाटकाबाहेर उभी. आत या म्हणेपर्यंत कुणी उंबरा ओलांडेना.

आत कुजबुज सुरू झाली. कमीलनं ती मोठ्यानं बोलून दाखवली. "माझ्या मनात काही वाईट नाही. पण आहे त्यालाच पुरत नाही. आणखी तोंडं कुठून भरायची?"

"ही तोंडं नाहीत, कमील. ज्यांच्या पिठावर तू आजवर जगलास ती माणसं आहेत," वदाद म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "त्यांना दारात ठेवून आपण आत प्रार्थना म्हणायची? मला जमणार नाही. मग माझी गादीही बाहेर टाका."

अबूना फाटकाकडे निघाले आणि हाजीला ठेवलेल्या फळीची एक बाजू त्यांनी स्वतः उचलली. कमीलनं मान खाली घातली, मग जाऊन दुसरी बाजू धरली. वदादनं सॅटिनचे दोन पडदे फाडून त्यांचे चार केले.

आता भट्टी कोण पेटवणार? हाजी खुर्चीत बसून सांगायचा आणि वदाद करायची. सुईची सवय झालेल्या बोटांना कणकेचा अंदाज येईना.

"अगं, मळ! टाके घालते आहेस का?"

"तुमच्या जिभेला मार लागला नाही वाटतं, हाजी."

हात भाजले, रोट्या करपल्या, कच्च्या राहिल्या. फाएजा शेजारी बसून गोळे करायची, भावाच्या आठवणीनं हाजी गप्प झाला की वदादला खूण करायची. मग वदाद मुद्दाम काहीतरी चुकवायची, आणि हाजी ओरडायला लागायचा. हळूहळू तिचा हात बसला.

हिवाळ्यात गव्हाचं पीठ संपलं. जनावरांचा मका आणि बार्ली दळून लोक पोट भरू लागले. अंतूनकाकांचं औषध मिळेना. एका थंड सकाळी ते उठलेच नाहीत. अंगणातल्या लिंबाशेजारी त्यांना पुरलं. आणि नाताळ तोंडावर आला. अबूना वदादला म्हणाले, "आराधनेत देवाला अर्पण करायची रोटी गव्हाचीच लागते. पीठ नाही मिळालं तर नुसती प्रार्थना करू."

हाजीनं ऐकलं. "बेकरीच्या जिन्याखाली एक पोतं असेल," तो म्हणाला. "पण तिथं जायचं नाही. छत लोंबकळतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी वदाद कुदळ घेऊन निघाली. फाटकाशी कमील आडवा आला.

"वेड लागलंय तुला?"

"मग तू ये. वेड वाटून घेऊ."

तो शिव्या घालत मागोमाग आला. दोघांनी हातांनी दगड बाजूला केले. डोक्यावर आभाळात विमानांची घरघर चालूच होती. जिन्याखाली पोतं निघालं, पण फाटलेलं, चुन्याच्या खड्यांनी भरलेलं. वरवरचा चुना काढून टाकून खालचं, कोरडं राहिलेलं पीठ त्यांनी ओंजळींनी भरून आणलं. वदादनं घुंगटाची जाळी चौपदरी केली आणि फाएजानं आणि तिनं ते पीठ पुनःपुन्हा चाळलं. अर्पणाच्या रोट्या झाल्या. उरलं त्याच्या रोट्या अंगणात सगळ्यांना वाटल्या, ख्रिस्ती-मुसलमान न बघता. नाताळची आराधना चालली असताना हाजी बाहेर भट्टीशी विस्तव राखत बसला होता.

युद्ध त्यानंतरही खूप लांबलं. मोहल्ल्यातली आणखी माणसं गेली. भट्टी दोनदा पडली, दोनदा बांधली. कधी पीठ नव्हतं म्हणून थंड राहिली, पण मोडली कुणी नाही. अखेर तोफा थांबल्या तेव्हा कॅनडाहून वदादच्या भावाचा फोन आला.

"आता तरी ये. दुकान राहिलं नाही, घर राहिलं नाही. तिथं तुझं काय उरलंय?"

वदादचे दोन्ही हात कणकेत होते. फोन फाएजानं तिच्या कानाशी धरला होता.

"चर्चमध्ये अजून निम्मी माणसं आहेत. हाजीची गल्ली तंबूत आहे. उद्या सकाळी सगळे खायला मागतील," ती म्हणाली. "तू असं कर, तिकडच्या तुझ्या चर्चमध्ये सांग आणि पीठ पाठवायची काहीतरी व्यवस्था कर. मी बोलेन नंतर. रोटी करपतेय."