आयसोमेट्रिक काकांचं धुकं

आयसोमेट्रिक काकांच्या शुगर लँडमधल्या घरी चित्र बघायचं म्हणजे आधी साबणाने हात धुवावे लागत. मग डायनिंग टेबल रिकामं होई, त्यावर धुतलेली चादर पडे आणि कपाटातून कागदाची लांबलचक गुंडाळी निघे. डाव्या हाताने ते ती हातभर उलगडत आणि उजव्या हाताने तेवढीच गुंडाळत जात. अख्खं चित्र एकदम कधीच दिसायचं नाही. कुणी "काका, पूर्ण उघडा ना" म्हटलं की म्हणत, "अरे, शुगर लँडहून डाउनटाउनला जाताना अख्खा रस्ता एकदम दिसतो का तुला? जसा येईल तसा बघ."

ह्यूस्टनमधल्या एका इंजिनियरिंग कंपनीत ते पाइपिंग डिझायनर होते आणि मी नागपूरहून येऊन, एम.एस. उरकून त्यांच्या शेजारच्या टेबलावर नवा लागलो होतो. तेलाच्या कारखान्यातल्या पाइपांच्या तिन्ही बाजू दाखवणारी जी तिरकी ड्रॉइंग्ज असतात, त्यांना आयसोमेट्रिक म्हणतात. काका दिवसभर तीच काढत. महाराष्ट्र मंडळातल्या आम्हा टवाळांना नाव ठेवायला एवढं पुरेसं होतं.

चिनी चित्रांचं वेडही त्यांना याच ड्रॉइंग्जमुळे लागलं. म्युझियममध्ये डोंगर-नदीचं एक जुनं चित्र बघून ते मोठ्यांदा ओरडले होते, "अगं, हे तर आपलं आयसोमेट्रिक!" गार्ड धावत आला, असं काकू अजून लाजून सांगतात. काकांचं म्हणणं असं, की कॅलेंडरवरच्या सीनरीत रस्ता लांब जाऊन एका ठिपक्यात मिळतो, म्हणजे चित्रकार तुम्हाला एका जागी खिळवून ठेवतो. "इथे रेषा कुठेच जाऊन मिळत नाहीत. आत्ता डोंगरावरून खाली बघा, आत्ता होडीतून वर. पाय तुमचे, कुणी धरून ठेवलेलं नाही."

चित्रकला त्यांना शिकवली शेजारच्या चिनी आजींनी. आजींना इंग्रजी येत नव्हतं आणि काकांना चिनी. काका रंगवत बसत. पुरेसं झालं असं वाटलं की आजी त्यांच्या हातातला ब्रश काढून घेत. रडकुंडीला आलेले काका म्हणत, "अहो, अजून एक झाड!" आजी ब्रश धुवायला निघून जात. "शिक्षण एवढंच," काका सांगत, "पण थांबायला मला आजवर एकाही बॉसने शिकवलं नाही."

त्यामुळे त्यांच्या चित्रात निम्मा कागद कोरा असे. मी एकदा विचारलंच, "काका, इथे शाई संपली का?"

"ते धुकं आहे. त्याच्या पुढे पाणी."

"पण काढलंय कुठे?"

"सगळं काढून ठेवलं, तर तू काय बघणार?"

चिनी गुंडाळीच्या शेवटी जादा कागद जोडतात. चित्र बघणाऱ्याने त्यावर आपल्या मनात आलेलं लिहायचं, असा रिवाज. काकांनीही हौसेने कागद जोडला आणि गणपतीला आलेल्या पाहुण्यांपुढे पेन ठेवलं. आमच्या मंडळींनी लिहिलं, 'मोदक अप्रतिम', 'काकू, वाटली डाळ एक नंबर यार'. एकाने तर पुढच्या पॉटलकला कुणी कोणता पदार्थ करून आणायचा, तेही लिहून टाकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका मात्र डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. म्हणाले, "नदीकाठी गेल्यावर माणसं खायचंच बोलणार."

मग तेलाचे भाव कोसळले. आमच्या मजल्यावरची टेबलं एकेक करून ओस पडली. माझा पगार कमी म्हणून मी वाचलो, काकांची नोकरी गेली. घराचे हप्ते चालू, मुलगी कॉलेजात, आणि पन्नाशी उलटलेल्या माणसाला कुणी बोलावत नव्हतं. घर विकून सांगलीला परत जायचं, इथवर गोष्ट आली. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, आय कॅन टेक अ इयर ऑफ." त्यानंतर काका दोन दिवस जेवले नाहीत. मला त्यांची फार काळजी वाटायला लागली होती. ब्रश हातात धरून ते नुसते बसून असत आणि काकू मला किचनमध्ये नेऊन विचारत, "काही तरी होईल ना रे?"

अखेर दुसऱ्या राज्यातल्या चँडलर शहराहून बोलावणं आलं. तिथे चिप बनवण्याचा कारखाना उभा राहत होता आणि तिथेही पाइप लागतातच. इंटरव्ह्यूत त्यांना एका चिंचोळ्या खोलीचं पाइपिंग काढायला दिलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"अरे, मी मधोमध जागा कोरीच ठेवली. तो गोरा म्हणतो, इथून पाइप नेला असता तर किती फूट वाचले असते."

"मग? काय सांगितलंत?"

"म्हटलं, उद्या व्हॉल्व्ह बिघडला तर दुरुस्त करणारा माणूस बसेल कुठे?"

पुढे काही ऐकू येईना. मग कळलं, काका रडत होते. नोकरी मिळाली होती.

ते चँडलरला गेले आणि शुगर लँडचे माझे रविवार सुनेसुने झाले. खरं सांगायचं तर बापाच्या मागे हिंडावं तसा मी त्यांच्या मागे हिंडत असे.

पुढे एकदा चँडलरला गेलो, तेव्हा काका मला आवर्जून कारखाना दाखवायला घेऊन गेले. डोक्यावर हेल्मेट, अंगावर त्यांना मोठा होणारा कोट. एका दारापाशी थांबून त्यांनी मला आत बघायची खूण केली. चहूबाजूंनी पाइपांचं जंगल होतं आणि मधल्या मोकळ्या जागेत एक आडदांड मेकॅनिक ऐसपैस मांडी घालून, शीळ घालत व्हॉल्व्ह खोलत होता. त्याला आमची चाहूलही नव्हती.

मी काही बोलणार तोच काकांनी माझा दंड धरला.

"हळू," ते कुजबुजले. "त्याला उठवू नकोस. बघ किती छान बसलाय."