जागेश्वरकाकांचे पस्तीस टक्के

दहावीच्या गणितात तीनदा गटांगळी खाल्लेला माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी पास झाला, तर पेढे वाटणारच. आमच्या सिहोऱ्याच्या जागेश्वरकाकांनी वाटले. त्यात माझाही गाढवपणा होता, हे आधीच कबूल करतो.

काका धानाचे शेतकरी आणि सिगारेटचे भक्त. दिवसाला दोन पाकिटं. गाव बिडी ओढतं म्हणून हे सिगारेट ओढणार, असा रुबाब. यंदा कापणीत धानाचा भारा डोक्यावर घेतला आणि चार पावलांत धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मटकन बसले. मी त्यांना भंडाऱ्याला नेलं. इको काढला, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. डॉक्टर निकाल सांगत होते तेव्हा मी बाहेर फोनवर गप्पा झोडत होतो. काका नाचतच आले.

"योगेंद्र, पस्तीस टक्के! पास झालो बे!"

पस्तीसला पास, हे कोणत्या मराठी माणसाला शिकवावं लागतं? मीच दोन किलो पेढे घेतले. गावात ते अर्ध्या तासात फस्त झाले. सुलोचनाकाकूंनीही दोन खाल्ले.

तेवढ्यात घरोघरी तब्येतीची चौकशी करणारी गावची आशा सेविका रीता आली. तिनं रिपोर्ट वाचला आणि हातातला पेढा परत ठेवला.

"काकाजी, हे हार्टचं पंपिंग होय. साठच्या आसपास पायजे. तुमचं अर्ध्या जोरानं चालून राहिलं. सिगारेटनं ठोके वाढते, नसा आवळते, रक्तात धुराची हवा भरते. थकलं जी ते बिचारं."

"मंग मी नापास?"

"पार नापास. सिगारेट बंद, गोळ्या चालू. तीन महिन्यानं पुन्हा तपासनी."

काकांचं तोंड पाहून मला हसू फुटलं. काकू रडायला लागल्या तेव्हा मात्र माझी मलाच लाज वाटली.

मग पेढा खाल्लेलं अख्खं गाव काकांवर पहारा करू लागलं. पानठेल्यावरचा हिरालाल म्हणाला, "तुहा पेढा खाल्ला म्या. आता तुले सिगारेट कायले देऊ?" काका गुपचूप तुमसरला निघाले, तर एसटीचा कंडक्टर म्हणतो, "काकाजी, पंपिंग कसं आहे?" शेवटी कोणी सिगारेट पेटवली की काका शेजारी जाऊन लांब श्वास घेऊ लागले. रीतानं तिथंही पकडलं.

"दुसऱ्याचा धूरही तेच करते, काकाजी."

काका तिथूनच माघारी फिरले. घरी येऊन काकूंकडे बघत बसले. तीस वर्षं ही बाई यांच्या धुरात बसून यांना चहा देत होती. त्यानंतर काका सिगारेटवाल्यांच्या वाऱ्यालाही उभे राहिले नाहीत.

तीन महिन्यांनी दवाखान्यात काका अडून बसले, "पयले हिचं काढा."

काकूंचे चौसष्ट आले. डॉक्टर म्हणाले, एकदम ठणठणीत. काकांनी अशी आरोळी ठोकली की नर्स धावत आली. स्वतःचे अठ्ठेचाळीस आले, डॉक्टर खूश झाले, पण काकांचं तिकडे लक्षच नव्हतं. जो भेटेल त्याला सांगत सुटले, "माह्या बायकोले चौसष्ट!"

काकूंनी त्यांना बाकावर खाली ओढलं.

"लई नाचू नका जी. तुमचं बंद पडलं असतं, तं माहे चौसष्ट घेऊन मी काय केलं असतं?"