हमी न मागता दिलेली संमती

मी दिलेले मूत्रपिंड माझ्याच मुलीचे शरीर नाकारू लागले, तेव्हा देवावरचा माझा विश्वास जवळजवळ संपला होता. खामगावात हयातभर लोकांचे अर्ज लिहिले. बीटी कपाशीवर बोंडअळी पडली, तेव्हा बियाणे कंपनीपासून मंत्र्यांपर्यंत कुणालाही पत्रावाचून सोडले नाही. उत्तरे आली नाहीत. थकलेल्या देहाला केवळ संतापच उभा ठेवत होता. नवससुद्धा मी कराराच्या भाषेत बोललो होतो: मुलगी बरी झाल्यास सेवा करीन, अन्यथा बांधील नाही.

औषधे लागू पडेनात. नागपूरच्या डॉक्टरांनी अजून प्रयोगाच्या टप्प्यावर असलेला एक उपाय सांगितला. माझ्या अस्थिमज्जेतील मूळ पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्या जनुकांत बदल करून त्या वाढवायच्या आणि मुलीच्या रक्तात सोडायच्या; मग तिचे शरीर माझ्या मूत्रपिंडाला शत्रू मानणे कदाचित सोडील. जनुकांत बदल हे शब्द ऐकताच माझे माथे भडकले. अळी लागणार नाही असे सांगून असलेच बियाणे आमच्या शेतांत उतरवले होते. मी लेखी हमी मागितली. ती देता येणार नाही आणि यात जोखीमही आहे, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. मुलगी तयार होती. पेशी माझ्या, म्हणून सारे माझ्या होकारावर अडले होते. ती खाटेवरून म्हणाली, "बाबा, माह्यं आंग तुमच्यावरच गेलं. घरात आलेल्याशी पह्यले भांडणच." तिला हसू आले, मला आले नाही.

बाहेरच्या बाकावर धामणगाव बढ्याची एक मुसलमान बाई बसली होती. तिचा मुलगा आत डायलिसिसवर होता. माझा चढलेला आवाज तिने ऐकला असावा. "काऊन संतापले, काका?" एवढेच तिने विचारले आणि मी सगळे बोलून गेलो.

"आमच्या म्हशीचं रेडकू मेलं," ती म्हणाली, "तं दुसरं लावलं. म्हैस त्याले लाथा मारे. मंग मेलेल्याचं कातडं त्याच्या पाठीवर टाकलं. तिनं हुंगलं, चाटलं, अन् पान्हा सोडला."

"आणि सोडला नसता तर?"

"तं नसता सोडला. म्हशीले कोर्टात नेता का, काका?"

मी तिथेच डोळे मिटून हात जोडले. आयुष्यात प्रथमच प्रार्थनेत एकही अट नव्हती. माझ्याजवळ आहे ते घे, इतकेच म्हणालो आणि आत जाऊन संमती दिली.

पेशी वाढण्यास काही आठवडे गेले. त्या दिल्यानंतर मुलीची लघवी हळूहळू वाढली, अंगावरची सूज उतरली. डॉक्टर याचे श्रेय उपचारांना देतात आणि माझी त्यावर हरकत नाही. मात्र त्या बाकावर त्याच वेळी ती बाई कुणी बसवली, हा प्रश्न मी कुणाला विचारीत नाही. थकवा आजही आहे, पण त्यात आता कडवटपणा नाही. देणे आपल्या हाती असते, स्वीकारले जाणे नसते, एवढे मला उमगले.

ती बाई पुन्हा भेटली नाही. नावही विचारायचे राहिले. रोज सकाळी मुलीला पाणी देऊन मी देवापुढे बसतो आणि त्या बाईच्या मुलासाठी मागतो.